ओव्या, सीडी आणि हमाली

२००३ च्या पावसाळ्यात एका आठवड्यात माझ्या हातून चार कोऱ्या सीडी वाया गेल्या. तेव्हा बार्शीत माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि कविता लिहिणाऱ्या माणसाला पोटासाठी जे जमतं, ते मी करत होतो. लग्नपत्रिका, गणेश मंडळांची पावती-पुस्तकं, उरसाची हँडबिलं, मधूनच एखाद्या मित्राचा कवितासंग्रह. संगणक जुना, दुसऱ्याच्या हातचा. १६६ मेगाहर्ट्‌झचा पेंटियम, त्यावर विंडोज ९८ आणि मागाहून बसवलेला सीडी रायटर. तोही जुनाच.

त्या सीडींवर गिऱ्हाइकाचं काम भरायचं नव्हतं. अम्माच्या ओव्या भरायच्या होत्या. माझी अम्मा रागवायची दखनीत आणि गायची मराठीत. १९८६ साली मामूंनी टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा तिच्या आणि खालाच्या ओव्या त्यांनी तासाभराच्या एका कॅसेटमध्ये भरून घेतल्या होत्या. मागे जात्याची घरघर आहे, मधेच कोंबडं आरवतं. २००३ पर्यंत खाला गेली होती, आणि अम्माचा दमा इतका वाढला होता की ओवीची दुसरी ओळ तिला एका दमात म्हणता येत नव्हती.

कॅसेट मी साउंड कार्डाला जोडून संगणकात उतरवून घेतली. काम संपलं आणि टेपरेकॉर्डरनं फीत गिळली. बाहेर काढली तेव्हा ती चुरगळून दोन ठिकाणी तुटली होती. म्हणजे आता तो आवाज एकाच ठिकाणी उरला होता, माझ्या दोन जीबीच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्कही अधूनमधून कटकट वाजू लागली होती. सीडी करायला घ्यावी, तर आठव्या-दहाव्या मिनिटाला पडद्यावर चुकीची पाटी यायची आणि सीडी बाद.

आमच्या गल्लीत संगणक दुरुस्त करणारा एक मुलगा होता. त्याला बोलावलं. त्यानं बाद झालेल्या सीडींकडे पाहिलं नाही, रायटरवर छापलेल्या आकड्याकडेही नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडून एका खिडकीत डोकावला आणि म्हणाला, ‘‘भाई, तुमचा प्रोसेसर हमाली करतोय.’’

अब्बा शेजारी बसले होते. बाजार समितीच्या आवारात जन्मभर पोती उचललेला माणूस. हमालीचं नाव ऐकून त्यांनी मान वर केली. ‘‘कुणाची हमाली?’’

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्या मुलाला पाच मिनिटं लागली. त्यामागचा इतिहास समजून घ्यायला मला पुढची काही वर्षं लागली. तोच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी सीडीचा हिशोब. सीडी १९८२ साली बाजारात आली ती गाण्यांसाठी. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तिचं माप ठरवलं होतं. गाणं वाजताना तबकडीवरची माहिती सेकंदाला ७५ तुकडे या ठरलेल्या गतीनं वाचली जाते. पुढे हीच तबकडी संगणकासाठी वापरायचं ठरलं, तेव्हा प्रत्येक तुकड्यात २,०४८ बाइट माहिती ठेवली गेली. ७५ गुणिले २,०४८ म्हणजे सेकंदाला १,५३,६०० बाइट. हा झाला ‘एक पट’ वेग. ड्राइव्हच्या तोंडावर २४एक्स, ५२एक्स असे जे आकडे छापलेले असत, ते या वेगाच्या पटीत. ५२ पट म्हणजे सेकंदाला जवळजवळ आठ मेगाबाइट, आणि तेही फक्त तबकडीच्या बाहेरच्या कडेला. आतल्या बाजूला वेग त्याच्या निम्म्याहून कमी.

आपण गिऱ्हाइकं तो आकडा बघून ड्राइव्ह घ्यायचो. पण तो आकडा तबकडी ते ड्राइव्ह एवढ्याच अंतराचा होता. ड्राइव्हपासून संगणकाच्या मेमरीपर्यंतचा रस्ता वेगळा. त्या रस्त्यावर काय चाललंय, हे खोक्यावर कुठेच छापलेलं नसे.

त्या रस्त्यानं माल नेण्याच्या दोन रीती होत्या. एक पीआयओ, म्हणजे प्रोग्रॅम्ड इनपुट-आउटपुट. दुसरी डीएमए, म्हणजे डायरेक्ट मेमरी ॲक्सेस. नावं अवघड आहेत, पण ज्यांनी आडत बाजारात एखादी सकाळ काढली आहे, त्यांना गोष्ट लगेच कळेल. दुकानापुढे ट्रक लागला आहे. गादीवर दिवाणजी बसला आहे, हिशोबात तरबेज. पीआयओ म्हणजे या दिवाणजीनं वही मिटायची, ट्रकपाशी जायचं, एक पोतं उचलायचं, गोदामात टाकायचं आणि पुढच्या पोत्यासाठी परत यायचं. डीएमए म्हणजे त्यानं मुकादमाला चिठ्ठी द्यायची. अमुक ट्रक, अमुक गोदाम, इतकी पोती, झालं की सांग. मग दिवाणजी पुन्हा वहीत डोकं घालायला मोकळा. दिवाणजी म्हणजे प्रोसेसर, गोदाम म्हणजे मेमरी, आणि मुकादम म्हणजे मदरबोर्डवरची एक वेगळी चिप.

आणि पोतं तरी केवढं? दोन बाइटचं. एका तुकड्यासाठी १,०२४ फेऱ्या. माझा रायटर चार पट वेगानं लिहायचा. म्हणजे सेकंदाला ३०० तुकडे, तीन लाखांहून जास्त फेऱ्या. पीआयओच्या सगळ्यांत संथ पद्धतीत एका फेरीला ६०० नॅनोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात माझ्या प्रोसेसरचे शंभर ठोके पडायचे. शंभर ठोके तो एका पोत्यासाठी दारात उभा! शिवाय हार्ड डिस्कवरून माल आणायचा त्यानंच, रायटरकडे पोचवायचा त्यानंच, आणि पडद्यावरचा बाण हलवायचा तोही त्यानंच.

नुसतं वाचायचं असेल तर उशिरावर भागतं. लिहिताना भागत नाही. सीडी लिहिताना लेझर रंगद्रव्याच्या थरावर सलग खुणा उमटवत जातो. जुन्या रायटरला मधेच थांबून पुन्हा तिथूनच सुरू करता येत नसे. माल कमी पडू नये म्हणून रायटरच्या पोटात थोडा साठा असे. माझ्या रायटरचा साठा दोन मेगाबाइटचा. चार पट वेगाला तो साडेतीन सेकंदांत रिकामा. तेवढ्यात प्रोसेसर दुसरीकडे अडकला की साठा संपला आणि सीडी गेली. याला ‘बफर अंडररन’ म्हणत. सान्यो कंपनीनं २००० साली ‘बर्न-प्रूफ’ नावाची युक्ती आणली. माल संपला तर लेझर थांबवायचा आणि माल आल्यावर नेमक्या त्याच जागेपासून पुढे लिहायचं. माझा रायटर त्याच्या आधीचा होता.

अब्बांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मुकादम हाय ना? मग दिवाणजीला पोती उचलायला लावली कुणी?’’

इतिहासातला खरा प्रश्न हाच आहे.

मुकादमाची कल्पना जुनी. १९५८ च्या सुमारास वापरात आलेल्या आयबीएम ७०९ या अवाढव्य संगणकात ‘डेटा चॅनल’ होते. टेपवरून माहिती आणण्याचं काम ते करत आणि मुख्य यंत्र गणितं करत राही. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला. त्यातही इंटेलची ८२३७ नावाची डीएमए चिप होती आणि फ्लॉपीचा माल तिच्यामार्फतच जायचा. १९८३ च्या एक्सटी या मॉडेलमधल्या दहा मेगाबाइटच्या हार्ड डिस्कचाही. म्हणजे घरगुती संगणकाची सुरुवात मुकादमानंच झाली होती.

मग १९८४ साली आयबीएमनं ‘एटी’ नावाचं नवं मॉडेल काढलं. त्यात ८०२८६ हा नवा प्रोसेसर होता. एका हुकमासरशी तो सोळा-सोळा बिटांचा माल ओळीनं ओढू शकत होता. मुकादम मात्र जुनाच ठेवला होता, आणि आता तो प्रोसेसरपेक्षा संथ पडत होता. इंजिनिअरांनी हिशोब केला आणि हार्ड डिस्कची ने-आण प्रोसेसरकडेच सोपवली. डॉसचा तो जमाना. एका वेळी एकच काम चालायचं. माल येईपर्यंत प्रोसेसरला तसंही दुसरं काही करायचं नसायचं. रिकाम्या बसलेल्या तरण्या दिवाणजीनं चार पोती टाकली तर बिघडलं काय? त्या काळापुरता निर्णय अगदी बरोबर होता.

पुढे त्या सोयीची रूढी झाली. १९८६ च्या सुमारास कॉम्पॅक आणि वेस्टर्न डिजिटल यांनी आयडीई पद्धत आणली, ती एटीच्याच पावलांवर पाऊल टाकून. तिचं अधिकृत नावच ‘एटीए’, म्हणजे ‘एटी अटॅचमेंट’. १९९४ साली अमेरिकेत तिचं मानक ठरलं. सीडीचे ड्राइव्ह आधी वेगळ्या वाटेनं आले होते. कुणी साउंड कार्डावरच्या खास जागेत बसायचे, कुणी महागड्या स्कझी कार्डावर. नव्वदच्या दशकाच्या मध्याला ‘एटापी’चे नियम ठरले आणि सीडीचा ड्राइव्ह हार्ड डिस्कसारखाच साध्या पट्टी केबलवर बसू लागला. सीडी घरोघरी पोचायला याची मोठी मदत झाली. पण येताना तीही दिवाणजीच्या डोक्यावरच बसली.

तोवर दिवाणजीचे दिवस पालटले होते. विंडोज आलं, एका वेळी चार कामं चालू लागली. रिकामा वेळ उरला नाही. म्हणून १९९५ साली इंटेलनं पेंटियमबरोबरच्या चिपमध्ये नवा, चपळ मुकादम बसवला. त्याला ‘बस मास्टर’ म्हणत. १९९८ च्या मानकात ‘अल्ट्रा डीएमए’ आलं, सेकंदाला ३३ मेगाबाइटपर्यंत नेणारं. त्यात एक शहाणपण होतं. प्रत्येक खेपेबरोबर पडताळणीचा एक आकडा जाऊ लागला. वाटेत माल खराब झाला तर तो आकडा जुळायचा नाही आणि खेप परत मागवता यायची. पीआयओत केबलवर बिघडलेल्या बाइटचा पत्ताच लागत नसे.

मग २००३ साली माझ्या यंत्रात मुकादम बसून का होता? कारण सावधगिरी. डीएमए जमतं असं सांगणारे पण प्रत्यक्षात माहितीचा घोळ घालणारे काही ड्राइव्ह बाजारात होते. म्हणून विंडोज ९५ आणि ९८ मध्ये डीएमएचा छोटा चौकोन पुष्कळ यंत्रांवर रिकामाच ठेवलेला असे. खूण करायला गेलं, की यानं यंत्रावर अनिष्ट परिणाम होऊ शकतो अशा अर्थाचा इशारा यायचा. हजारो चांगले ड्राइव्ह थोड्या वाईट ड्राइव्हांपायी हळू चालत राहिले. ज्यांना माहीत होतं त्यांनी खूण केली. बाकीचे आपला संगणकच जुना झाला म्हणत राहिले. मीही त्यांतलाच.

तो इशारा पडद्यावर आला तेव्हा माझा हात थांबला. त्या मुलानं तो ओळखला. म्हणाला, ‘‘हार्ड डिस्कला हात लावत नाही. ओव्या तिथं आहेत, तिथं प्रयोग नको. फक्त रायटरचं बघू.’’ आज वाटतं, एवढा एक विचार त्यानं केला म्हणून मी त्याचा जन्मभराचा ऋणी आहे.

त्यानं संगणक बंद करून खोकं उघडलं. हार्ड डिस्क आणि रायटर एकाच पट्टी केबलवर होते, आणि एका केबलवर एका वेळी एकालाच माल देता-घेता येतो. डिस्क बोलत असेल तर रायटर गप्प. त्यानं रायटर दुसऱ्या केबलवर एकटा बसवला, त्याच्या पाठीवरचा जंपर ‘स्लेव्ह’वरून ‘मास्टर’वर आणला. मग रायटरच्या सेटिंगमध्ये डीएमएच्या चौकोनात खूण केली आणि संगणक पुन्हा सुरू केला. सुरू झाल्याबरोबर तो परत त्याच खिडकीत गेला. यंत्राला डीएमए झेपत नसेल, तर पुन्हा सुरू होताना खूण आपोआप पुसली जायची. कुणी काही सांगायचं नाही. आमची खूण जागेवर होती. तरी त्यानं आधी एका जुन्या सीडीवरून मोठी फाइल उतरवून, उघडून, नीट आहे की नाही हे पाहिलं. शेवटी लिहिण्याचा वेग चारऐवजी दोन पट ठेवला. रस्ता मोकळा केला आणि घाईही कमी केली.

तास भरायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ अब्बांनी दुकानातला पंखा बंद ठेवायला लावला, हादरा नको म्हणून. पंख्याचा काही संबंध नाही हे आम्हाला माहीत होतं, पण कुणी तसं बोललं नाही. सीडी पूर्ण झाली. लगेच दुसरी केली, मग तिसरी.

घरी अम्माला ऐकवली. ती बराच वेळ ऐकत राहिली. मधेच हात वर करून म्हणाली, ‘‘इथं एक ओवी राहिलीय.’’ कॅसेटची बाजू पलटताना मामूंकडून ती सुटली असणार. सतरा वर्षांत आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिनं ती ओवी गाऊन नाही, तीन श्वासांत तोडत तोडत सांगितली. मी सीडीच्या कव्हरवर पेननं लिहून घेतली.

दुसरी गोष्ट २०२१ ची. अम्माला जाऊन दहा वर्षं झाली होती. त्या पहिल्या सीडीनंतर मी आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या भरत गेलो होतो. २००३ ते २००८ या काळातल्या अशा चाळीसेक सीडी कपाटात होत्या. लिहिलेल्या सीडीचं रंगद्रव्य काळाबरोबर फिकं पडतं, ती कायमची नसते. मुलगी म्हणाली, ‘‘अब्बा, सगळं माझ्या लॅपटॉपवर घेऊ.’’ पण तिच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. मग माळ्यावरून २००५ सालचा संगणक उतरवला. त्यावर विंडोज एक्सपी. तिचा कंपनीकडून होणारा सांभाळ २०१४ सालीच संपला होता, पण जाळ्याला न जोडता कॉपी करण्यापुरती ती चालत होती.

पहिल्या काही सीडी सहा-सात मिनिटांत उतरल्या. मग एक ओरखडे पडलेली सीडी लागली. ड्राइव्ह घुरघुरला, अडकला. मी ती बाहेर काढली. त्यानंतर मात्र प्रत्येक सीडीला वीस मिनिटांच्या वर लागायला लागली. चांगल्या, कोऱ्या करकरीत सीडीलाही. बाण अडखळत हलायचा. मुलगी म्हणाली, ड्राइव्ह मेला. मला गल्लीतला तो मुलगा आठवला.

एक्सपीचा एक नियम होता, तो मायक्रोसॉफ्टनं नोंदवूनही ठेवला आहे. डीएमएनं माल नेताना ठरावीक प्रकारच्या चुका सहापेक्षा जास्त झाल्या, की ती त्या ड्राइव्हचं डीएमए बंद करून त्याला पीआयओवर आणते. कारण चांगलंच होतं. खराब केबलवर भरधाव जाण्यापेक्षा हळू जावं. पण या चुका सलग व्हाव्या लागत नसत, सुटी सुटी गोळाबेरीज चालायची. आणि एकदा खाली आणलेला ड्राइव्ह नंतर कितीही नीट वागला, तरी आपणहून वर जात नसे. चूक ओरखड्याची होती, शिक्षा ड्राइव्हला झाली, आणि ती पुढच्या सगळ्या सीडींनी भोगली.

मी डिव्हाइस मॅनेजर उघडला. त्यात आयडीई कंट्रोलर, त्याखाली सेकंडरी चॅनल, त्यात ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथं प्रत्येक ड्राइव्हसाठी दोन ओळी असतात. वरच्या ओळीत लिहिलेलं होतं, ‘शक्य असल्यास डीएमए’. खालच्या ओळीत लिहिलेलं होतं, ‘सध्याची पद्धत: पीआयओ’. वरची ओळ आपण निवडायची असते, खालची यंत्र सांगतं. वरची वाचून समाधान मानलं, तर सगळं ठीकच दिसतं.

उपाय साधा होता. ते चॅनल यादीतून काढून टाकायचं आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. एक्सपी त्याला नव्यानं ओळखते आणि चुकांचा जुना हिशोब मिटतो. तसं केलं, परत जाऊन खालची ओळ वाचली. आता तिथं अल्ट्रा डीएमए होतं. पुढची सीडी सात मिनिटांत उतरली. ओरखड्यांची सीडी आम्ही सगळ्यांत शेवटी घेतली. तिच्यातल्या अकरा फाइलींपैकी नऊ हाती लागल्या. दोन गेल्या त्या गेल्या.

या चाळीस वर्षांच्या इतिहासात मला कुणी मूर्ख दिसत नाही. १९८४ चा निर्णय त्या काळी रास्त होता. विंडोज ९८ चा रिकामा चौकोन रास्त होता. सहा चुकांचा नियमही रास्त होता. प्रत्येकाला कारण होतं. कारण निघून गेलं, नियम तेवढा मागे राहिला, आणि तो एका खिडकीच्या आतल्या खिडकीत असल्यानं कुणाला दिसला नाही. माणसांच्या बाबतीतही आपण किती हिशोब असे धरून ठेवतो. कधी काळच्या सहा चुका, त्याही कुणाच्या ते आठवत नाही, आणि समोरचा मात्र अजून पीआयओवर.

अब्बा आता नाहीत. त्या दिवशी दुकानातून निघताना त्यांनी त्या मुलाला विचारलं होतं, ‘‘मग आता त्या दिवाणजीला काम काय?’’ तो म्हणाला, ‘‘हिशोब, चाचा. त्याचं स्वतःचं काम.’’ अब्बा हसले. म्हणाले, ‘‘बरं झालं. हमाली करणाऱ्याला हिशोबाला वेळ मिळत नाय.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)